सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हर कमरेला लावताना गोळ्या पाच की सहा?

दगडफूल
नमस्कार मंडळी. बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर इथे आधीच बरेच धागे निघालेत आणि बहुतेकांना शेवटी कुलूप लागलंय. तो वाद तिकडेच राहू द्या. मला सरळ तांत्रिक माहिती हवी आहे.

आम्ही टेक्सासात, सॅन अँटोनिओच्या वरच्या अंगाला हिल कंट्रीत राहतो. थोडी जमीन, काही बकऱ्या आणि लांबच लांब कुंपण. कुंपण तपासायला पायीच जावं लागतं. उन्हाळ्यात रॅटलस्नेक निघतात, रानडुकरं तर बारा महिने. शेजारचे आजोबा आता मुलाकडे डॅलसला राहायला गेले. जाताना त्यांनी त्यांचं जुनं रुगर ब्लॅकहॉक (.३५७ मॅग्नम) मला विकलं. वस्तू देखणी आहे, फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात. देताना आजोबांनी बजावलं, "पाचच भरायच्या. हॅमरखालचं घर रिकामं. कायम." (हॅमर म्हणजे मागचा ठोका देणारा घोडा, घर म्हणजे सिलिंडर या फिरत्या नळकांड्यातलं गोळीचं भोक.)

पुढच्या आठवड्यात होल्स्टर बघायला एका दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, रुगर आहे ना, मग सहा भरा बिनधास्त, पाचचं ते जुन्या काउबॉय लोकांचं खूळ आहे. दोघंही ठाम. आता ऐकू कुणाचं? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. होल्स्टर कसं असावं तेही.

खारे शेंगदाणे
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेथमास्तर
आजोबा आणि पोरगा, दोघंही बरोबर आहेत. फक्त दोघं वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरबद्दल बोलतायत.

सुरुवात १८७३ च्या कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मीपासून करू, बाकीची सगळी तिचीच पिलावळ. सिंगल-अॅक्शन म्हणजे दर गोळीआधी हॅमर अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तिच्यात फायरिंग पिन, म्हणजे ठोका देणारी सुई, हॅमरच्या नाकावरच बसवलेली असते. हॅमर पूर्ण खाली असला की ती पिन फ्रेममधल्या भोकातून समोरच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या बुडाच्या टिकलीला, टेकलेली राहते. मधे आडकाठी कशाचीच नाही. हॅमरच्या पाठीवर कशाचाही नीट फटका बसला, की ट्रिगरला कुणी हात न लावता गोळी सुटते. म्हणून त्या घरात काडतूस ठेवायचं नाही. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरायच्या ही रीत इथून आली. ते खूळबीळ काही नाही.

आता रुगर. १९५३ ला त्यांचं .२२ चं सिंगल-सिक्स आलं, १९५५ ला ब्लॅकहॉक. कोल्टच्या सपाट पानी स्प्रिंगा लवकर मोडायच्या, रुगरने त्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या. फायरिंग पिन हॅमरवरून काढून फ्रेममध्ये बसवली. मजबूत काम. पण हॅमर खाली असला की तो त्या पिनेवर टेकलेलाच, आणि पिन प्रायमरवर. म्हणजे धोका होता तिथेच राहिला.

तो गेला १९७३ मध्ये, न्यू मॉडेल आलं तेव्हा. त्यात ट्रान्सफर बार आहे. ट्रिगर मागे दाबून धरलेला असेल तेव्हाच एक पोलादी पट्टी वर सरकून हॅमर आणि पिन यांच्या मधे येते. हॅमरचा ठोका पट्टीला, पट्टीचा पिनेला. ट्रिगर सोडला की पट्टी खाली जाते, हॅमर फ्रेमवर टेकतो आणि पिनेपर्यंत पोचतच नाही. ते रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांनिशी पडलं तरी हॅमरच्या धक्क्याने उडत नाही. दुकानातल्या पोराने हेच पाहिलेलं असणार, कारण त्याच्या वयाची सगळी रुगर न्यू मॉडेलच आहेत.

तुमच्याकडे तीन स्क्रू दिसतात म्हणता, म्हणजे जुनं मॉडेल. नव्यावर स्क्रूंच्या जागी दोन पिना असतात. शिवाय नव्यात लोडिंग गेट, म्हणजे गोळ्या भरायचं झाकण, उघडलं की सिलिंडर लगेच मोकळा फिरतो, हॅमरला हात लावावा लागत नाही. जुन्यात हॅमर हाफ-कॉकला, म्हणजे अर्धा मागे, आणल्याशिवाय सिलिंडर फिरत नाही.

तेव्हा सध्या आजोबांचंच ऐका.

रानवारा
मास्तर, प्रतिसाद एक नंबर. वाचनखूण साठवली.

पेठेतला
सापासाठी काठी पुरते हो. आमच्या गावी अख्खी हयात शेतात गेली लोकांची.

दगडफूल
@पेठेतला, साप दिसला तर मी मागेच फिरतो, उगाच कुणाला मारत नाही. पहिल्या दोन घरांत छऱ्यांची काडतुसं असतात, ती अगदीच वेळ आली तर. डुकराचं तसं नाही. पिल्लं बरोबर असलेली मादी काठीला विचारत नाही.

खारे शेंगदाणे
आणि काठी घेऊन गेलात तर बकऱ्या तरी कुठे ऐकतात.

नाक्यावरचा
लेथमास्तरांशी अर्धवट सहमत. कोल्टचा हॅमर मागे ओढताना चार वेळा टिक वाजतं. त्यातली पहिली टिक म्हणजे सेफ्टी नॉच. हॅमर तिथे आणला की पिन प्रायमरपासून किंचित मागे राहते. शंभर वर्षं लोक ती वापरत आले. कारखान्याने दिलेली सोय वापरायची नाही, मग दिली कशाला?

आणि दुसरा मार्गही आहे. पिन दोन काडतुसांच्या कडांच्या मधे खाली सोडायची. म्हणजे सहाच्या सहा भरलेल्या आणि पिन कुठल्याच प्रायमरवर नाही. एक गोळी फुकट का घालवायची?

लेथमास्तर
@नाक्यावरचा, ती खाच कधी उघडून पाहिलीत का? मी पाहिली आहे. ट्रिगरचं वरचं टोक, म्हणजे सिअर, एका धारेसारखं पातळ असतं. हॅमरच्या बुडाशी असलेल्या चिमुकल्या खाचेत ते टोक अडकतं, बस्स. भरलेलं रिव्हॉल्व्हर किलोभराहून जड असतं. ते कमरेच्या उंचीवरून हॅमरवर आपटलं तर सगळा धक्का त्या टोकावर येतो. टोक तरी तुटतं, नाहीतर खाचेचा ओठ. मग हॅमर पुढे जातो तो थेट प्रायमरवर. ही खाच आपल्याच हातून हॅमर थोडा सटकला तर कामी येते. पडलेलं वजन झेलायला ती केलेलीच नाही. त्यातून जुन्या नगात ती किती झिजली आहे हे बाहेरून कळतच नाही.

कडांच्या मधे पिन सोडायची म्हणता, तर तेव्हा सिलिंडर कुलूपबंद नसतो. त्याला धरून ठेवणारी फक्त ती पिनच. होल्स्टरमध्ये घालताना-काढताना सिलिंडरला थोडा पीळ बसला, की पिन कडेवरून चढून शेजारच्या प्रायमरवर. आणि हे झालेलं तुम्हाला दिसणार नाही.

बखरकार
थोडा इतिहास. नाक्यावरच्यांची दुसरी युक्ती मुळात टाकाऊ नव्हती, ती काडतुसांच्या आधीच्या काळातली आहे. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे पितळी टोपी लावून उडवायच्या जमान्यात, सिलिंडरच्या मागच्या बाजूला दोन-दोन घरांच्या मधे बारीक खुंट्या असत. हॅमरला तशीच खाच. हॅमर खुंटीवर बसला की सिलिंडर हलत नसे. रेमिंग्टनने खुंटीऐवजी सिलिंडरलाच खाचा पाडल्या. सहाही भरून बिनघोर फिरता येई. धातूचं काडतूस आलं आणि १८७३ च्या मॉडेलमध्ये ही सोय राहिली नाही.

आजही नॉर्थ अमेरिकन आर्म्सची तळहाताएवढी रिव्हॉल्व्हरं मिळतात, त्यांच्या सिलिंडरला घरांच्या मधे अशा खाचा आहेत आणि कंपनीच तसं बाळगायला सांगते. म्हणजे खाच असेल तर ही रीत चालते, नुसत्या कडांच्या भरवशावर नाही.

पडून उडण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण वायट अर्पचं. हो, तोच, पुढे टूमस्टोन गावच्या चकमकीमुळे नाव झालेला. ९ जानेवारी १८७६, विचिटा, कॅन्सस. तेव्हा तो तिथे पोलिसात होता. एका सलूनच्या मागच्या खोलीत चार लोकांत बसला असताना रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून घसरलं, हॅमर खुर्चीवर आपटला आणि गोळी सुटली. ती त्याच्या कोटातून आरपार गेली, भिंतीवर आपटून छतातून बाहेर. कुणाला लागली नाही. गावच्या वर्तमानपत्रात बातमी छापून आली. एवढ्या सराईत माणसाची ही गत.

गुराखी लोकांत आणखी एक अपघात ठरलेला. खोगीर कसताना रिकीब वर उचलून खोगिराच्या शिंगाला अडकवतात, म्हणजे खालचा पट्टा ओढायला हात मोकळे. ती जड रिकीब सटकली की बरोबर कमरेच्या हॅमरवर पडायची. गोळी मग मांडीत किंवा घोड्याच्या पायात.

अवांतर: सहाव्या रिकाम्या घरात नोटेची सुरळी ठेवायचे, मेलो तर पुरायला पैसे, अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, बाकी मी तिच्यावर पैज लावणार नाही.

खारे शेंगदाणे
नोट ठेवायची तर आमच्या कट्ट्याच्या वर्गणीची ठेवा. तीही कधी बाहेर निघत नाही.

अबोली_फिनिक्स
मी आणि नवरा काउबॉय अॅक्शन शूटिंगला जातो. (हो, साडी नेसून एकदा भाग घेतलाय, फोटो मागू नका.) दोन सिंगल-अॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन आणि जुन्या काळचा पोशाख असा खेळ आहे. प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं आणि ते दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. नवऱ्याचं 'चटणी किड' आहे.

तिथे नियम सरळ आहे. ट्रान्सफर बार असो वा नसो, रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच, हॅमर रिकाम्या घरावर. भरायचं टेबल वेगळं, रिकामं करायचं वेगळं, आणि दोन्हीकडे शेजारचा माणूस तुमचं तपासतो. रिकामं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर तो टप्पा बाद, भरलेलं पडलं तर अख्खी स्पर्धा बाद. कॉक केलेलं, म्हणजे हॅमर पूर्ण मागे ओढलेलं, रिव्हॉल्व्हर घेऊन जागा बदलली तरी टप्पा बाद.

दगडफूल, भरायची पद्धत अशी. नळी सुरक्षित दिशेला. हॅमर हाफ-कॉकला, म्हणजे दुसऱ्या टिकेवर. गेट उघडा. एक भरा, एक घर सोडा, मग सलग चार भरा. गेट बंद. आता हॅमर पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने घट्ट धरून ट्रिगर दाबून हळूच खाली सोडा. सोडलेलं घर आपोआप हॅमरखाली येतं. मोजदाद चुकली असं वाटलं तर अंदाजाने काही करू नका, सगळं काढून पुन्हा भरा. आणि हाफ-कॉकवरून थेट खाली कधी सोडू नका. आधी पूर्ण मागे, मगच खाली. नाहीतर सिलिंडर जागेवर बसत नाही आणि त्यावर ओरखड्याची रेघही पडते.

शेवटी बाजूने सिलिंडर आणि मागच्या फ्रेममधल्या फटीत डोकावून बघा. पितळी कडा दिसतात. हॅमरसमोर कड दिसली तर काहीतरी चुकलंय.

रानवारा
अबोलीताई, एक शंका. समजा डुक्कर समोर आलं, मी हॅमर मागे ओढला, आणि ते निघून गेलं. आता हॅमर भरलेल्या घरावर आहे. पुढे काय?

अबोली_फिनिक्स
@रानवारा, हाच खरा प्रश्न, आणि बहुतेक लोक हा विचारतच नाहीत. रेंजवर सगळं नेमाने होतं, रानात मात्र इथेच गडबड होते.

आधी जागेवर उभे राहा. कॉक केलेलं घेऊन एक पाऊलही टाकायचं नाही, सिंगल-अॅक्शनचा ट्रिगर तेव्हा फार हलका असतो. नळी मऊ मातीकडे. हात घामेजलेला असेल तर आधी दुसऱ्या हाताचा अंगठा हॅमरसमोर आडवा धरा. मग हळू खाली. पण लक्षात घ्या, जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आता हॅमर जिवंत काडतुसावर टेकलाय. तसंच होल्स्टरमध्ये घालून चालू लागलात तर पाच भरण्याचा काही उपयोग उरला नाही. म्हणून लगेच हाफ-कॉक, गेट उघडा, पाचही बाहेर, आणि पुन्हा एक-सोडा-चार. वैताग येतो, येऊ दे.

न्यू मॉडेलमध्ये हे सोपं आहे. हॅमर थोडा पुढे सुटला की ट्रिगरवरचं बोट काढून घ्यायचं. पट्टी खाली जाते, त्यानंतर अंगठा निसटला तरी गोळी सुटत नाही. कोल्ट जातीत ही युक्ती करू नका. ट्रिगर मधेच सोडलात तर सिअर हाफ-कॉकच्या खाचेवर आपटतो आणि दोघांची वाट लागते.

चिंचगूळ
माझ्याकडे इटालियन आहे, कोल्टची नक्कल. सिलिंडरच्या मधल्या दांड्याला एकाऐवजी दोन खाचा आहेत. हे काय प्रकरण?

लेथमास्तर
@चिंचगूळ, १९६८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत आयात होणाऱ्या हँडगनला सुरक्षेच्या सोयींवर पात्र ठरावं लागतं, त्यातून निघालेला तो जुगाड. दांडा आत ढकलून दुसऱ्या खाचेत अडकवला की त्याचं मागचं टोक हॅमरला अडवतं. चालतं, पण वेळेला दांडा परत बाहेर ओढायची आठवण राहायला हवी. बहुतेक लोक ते वापरत नाहीत, पाच भरतात आणि मोकळे होतात. उबेर्टीच्या अलीकडच्या कॅटलमन टू मॉडेलमध्ये हॅमरवरची पिन आत सरकते, ते त्याहून बरं. तुमचं कुठलं हे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, तोवर पाच.

नाक्यावरचा
ठीक, सिअरचं पटलं. पण २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या वेळी गोळी लागून छायाचित्रणकार बाई गेल्या, ते रिव्हॉल्व्हर याच जातीचं होतं ना? एफबीआयने हातोडीने ठोकून पाहिलं आणि ते तुटलं. मग उडालं की नाही?

बखरकार
त्यांच्या अहवालात दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बातम्यांत त्यांची खिचडी झाली. हॅमर पूर्ण खाली, भरलेल्या घरावर, आणि त्यावर थेट ठोका मारला तर प्रायमर उडू शकतो, हे या जातीच्या रिव्हॉल्व्हरचं नेहमीचं वागणं आहे असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे मास्तर वर सांगतायत तेच. पूर्ण कॉकवर मात्र आतले भाग तुटेपर्यंत ते ट्रिगर न दाबता उडालं नाही. आणि तिथलं मूळ दुखणं वेगळंच, सेटवर जिवंत काडतूस आलंच कसं हे.

पेठेतला
अमेरिकेचं कशाला, मुंबईतच २०२४ च्या ऑक्टोबरात एका हिंदी सिनेनटाच्या पायात स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. पहाटे कपाटात ठेवताना पडलं म्हणे.

लेथमास्तर
हो. नेमकं आतून काय झालं ते पेपर वाचून सांगता येत नाही, म्हणून त्यावर मत देत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना लागू. घरी आल्यावर ठेवायचं ते रिकामं करून. सगळी घरं डोळ्यांनी बघून, बोटाने चाचपून. आणि हातातून सुटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलताना बोट ट्रिगरवर जातं.

वकीलबाई
कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. हा सल्ला नव्हे, तुमच्या राज्याचा कायदा तुम्हीच पाहा.

एच-वन, एफ-वन वगैरे व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा एक अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. मित्राने रेंजवर हातात दिली म्हणून फोटो काढून फेसबुकवर टाकणारे महाभाग मी पाहिलेत.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. पण बारमध्ये नाही. दारात लाल ५१ टक्क्यांची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून) दिसली की समजून जा. आणि १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवली, तर तो टेक्सासात गुन्हा आहे. घरात पोरं असतील तर कुलपाची पेटी आधी घ्या, होल्स्टर नंतर.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भारतात जाताना रेंजवर नेलेली बॅग वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई-पुण्याच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं या मुद्द्यावर कोर्टाने असे बरेच गुन्हे रद्द केलेत, पण तोवर सुट्टी संपते, विमान जातं आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

रानवारा
बाप रे. आत्ताच उठून बॅग झटकली.

खारे शेंगदाणे
काय निघालं?

रानवारा
पार्ले-जीचा चुरा.

माळावरचा_वड
होल्स्टरवर कुणी बोलेना म्हणून लिहितो. मी वायोमिंगला, रोज घोड्यावर.

सिनेमात दाखवतात तसं मांडीवर लोंबणारं, वरून उघडं होल्स्टर घेऊ नका. ते पटकन उपसायच्या खेळासाठी आहे, आणि तो खेळही आता मेणाच्या गोळ्यांनी खेळतात. पन्नासच्या दशकात टीव्हीवरचे काउबॉय बघून खऱ्या गोळ्यांनी सराव करणाऱ्यांनी आपलेच पाय फोडून घेतले.

कुंपणाचं काम म्हणजे सारखं वाकणं. वाकलात की उघड्या होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर तोंडावर जमिनीला. तेव्हा खोल, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं आणि हॅमरवर चामड्याचा फास असलेलं घ्या. फास नेहमी लावलेला. कॉक केलेलं कधी आत घालायचं नाही, आणि आत सरकवताना अंगठा हॅमरवर. ट्रॅक्टरवर किंवा गाडीत बराच वेळ बसत असाल तर समोर आडवं लावलेलं, म्हणजे क्रॉस-ड्रॉ, सोयीचं पडतं. पण ते उपसताना नळी शेजारच्यावरून फिरते, बरोबर माणूस असेल तर नको.

घोड्यावर असाल तर वर बखरकारांनी रिकिबीचं सांगितलंय ते थट्टेवारी नेऊ नका. मी अजूनही खोगीर कसताना पट्टा काढून खांबाला टांगतो.

नाक्यावरचा
मग न्यू मॉडेलवाल्यांनी सहा भरायला काहीच हरकत नाही, हे तरी मान्य?

लेथमास्तर
मान्य. एकच अट, आतले भाग कारखान्याचेच हवेत. ट्रिगर हलका करायला कुणी घरी बसून कानस चालवली असेल किंवा हॅमर बदलला असेल, तर जाणकार गनस्मिथला दाखवल्याशिवाय पाचच.

अबोली_फिनिक्स
मी न्यू मॉडेलमध्येही पाचच भरते. घरात दोन्ही प्रकार आहेत, हाताला एकच सवय बरी.

नाक्यावरचा
ती भीती झाली, अभियांत्रिकी नव्हे.

अबोली_फिनिक्स
असू दे की. गोळी तुमची वाचते, पाय माझा.

दगडफूल
सगळ्यांचे आभार, मी दोन दिवस गायब होतो, एक बकरी व्यायली.

मास्तरांनी सांगितलेली पट्टी आहे का ते तपासलं. पूर्ण रिकामं करून, नळी मातीच्या बांधाकडे धरून, हॅमर अंगठ्याने हळू सोडताना ट्रिगर दाबून ठेवला आणि फटीत बॅटरी मारून बघितलं. पट्टीबिट्टी काही वर येत नाही. म्हणजे अस्सल जुनं, कुणी हात न लावलेलं.

आता नवा घोळ. रुगर १९८२ पासून जुन्या सिंगल-अॅक्शन मॉडेलांना ट्रान्सफर बारचा संच फुकट बसवून देतं असं त्यांच्याच सूचनेत वाचलं. पाठवावं म्हणतोय. पण रेंजवरचा एक संग्राहक हातापाया पडायच्या बेतात आहे, म्हणे न बदललेलं जुनं मॉडेल दुर्मिळ, ट्रिगरची मजा जाईल, किंमत पडेल.

लेथमास्तर
ट्रिगर थोडा बदलतो हे खरं. न बदललेल्याला संग्राहक जास्त भाव देतात हेही खरं. पण काम झाल्यावर कंपनी मूळ भाग तुम्हाला परत पाठवते. पिशवीला चिठ्ठी बांधून तिजोरीत ठेवा, उद्या विकायचं झालं तर भाग सोबत द्या. तुम्ही ते काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर नका पाठवू. कुंपणावर रोज नेणार असाल तर पाठवा.

माळावरचा_वड
+१. तोवर पाच, आणि फासवालं होल्स्टर.

दगडफूल
ठरलं. करडं जरा मोठी झाली की पाठवतो. आजोबांना फोन केला होता. म्हणाले पाठव, पण परत आल्यावरही पाचच भर. मी कारण विचारलं तर म्हणाले, माझं रिव्हॉल्व्हर आहे.

खारे शेंगदाणे
विकलं होतं ना?

दगडफूल
त्यांना ते सांगायची माझी हिंमत नाही. होल्स्टर मागवलंय. डाव्या हाताने वापरणारं कुणी आहे का इथे? लोडिंग गेट उजवीकडे आहे, आमच्या सौ. डावखुऱ्या आहेत, त्यांना शिकवायचंय.

अबोली_फिनिक्स
मी डावखुरीच आहे. उजव्यांना भरताना हात बदलावा लागतो, आपल्याला नाही. रिव्हॉल्व्हर डाव्या हातातच ठेवायचं, उजव्याने गेट उघडून भरायचं. सौ.ना व्यनि करायला सांगा.